डाग आणि बुरशी : चिरुटाच्या पानावरचा इतिहास



बाहेरच्या फलकावर आजचा विषय वाचून दारातच दोघांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून तंबाखूत कधी शिरलात?" आधी सांगून टाकतो, मी ओढत नाही. कधीच ओढली नाही. पण चिरुटांची एक पेटी माझ्या घरात सतरा वर्षं होती आणि त्या पेटीने मला जो धडा दिला, तो पुस्तकांतून मिळाला नव्हता.

ती पेटी माझ्या गुरुजींची. ज्यांच्या हाताखाली मी पीएच.डी. केली ते. त्यांना तमिळनाडूतला एक विद्यार्थी दर वर्षी तिरुचिरापल्लीचे चिरूट पाठवायचा. गुरुजी गेल्यावर त्यांच्या पत्नीने मला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे त्यांच्या हस्तलिखित टिपणांची चार बाडं, आणि दुसरी ती अर्धी उरलेली पेटी. मी दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या, वरच्या खणात पेटी आणि खाली टिपणं. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. ते सांगितल्याशिवाय हे व्याख्यान मला देताच येणार नाही.

आधी शब्दापासून सुरुवात करू. आपला 'चिरूट' हा शब्द तमिळ 'सुरुट्टु'वरून आला. सुरुट्टु म्हणजे गुंडाळी. पोर्तुगीजांनी त्याचा 'शारूतो' केला, इंग्रजांनी 'चेरूट' केला. शब्द दक्षिणेतला, वनस्पती मात्र अमेरिकेतली. १४९२ च्या नोव्हेंबरात कोलंबसाची दोन माणसं, रोद्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोरेस, क्युबा बेटाच्या आतल्या भागात गेली, तेव्हा तिथली माणसं पेटवलेल्या गुंडाळ्या ओढताना त्यांना दिसली. तिथून शंभर-सव्वाशे वर्षांत ही वनस्पती पोर्तुगीज जहाजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. अकबराचा माणूस असद बेग विजापूरला गेला होता, तिथे त्याला तंबाखू दिसली, आणि १६०४ च्या सुमारास त्याने ती हुक्क्यासकट बादशहापुढे ठेवली. दरबारच्या हकिमाने विरोध केला. वाद असा झाला की, आपल्या जाणत्यांनी न पारखलेली वस्तू घ्यावी की घेऊ नये? म्हणजे 'पारख' हा प्रश्न तंबाखूबरोबरच आपल्याकडे आला, म्हणा ना.

आता हुक्क्यात तंबाखू कुटून, गूळ घालून भरतात. पान दिसायला कसं होतं, याला तिथे काही किंमत नाही. चिरुटाचं तसं नसतं. चिरुटात तीन थर असतात. आत भरलेली पानं, त्यांना धरून ठेवणारं बांधणीचं पान, आणि सगळ्यांत वर एक देखणं, पातळ, लवचीक पान. हे वरचं पान म्हणजे चिरुटाचा चेहरा. चेहरा आला की डाग आला, आणि डाग आला की तो कसला, हा प्रश्न आलाच.

शेतातून येणारे डाग आधी बघू. पान घाईने वाळलं तर त्यातला हिरवा रंग पुरता जात नाही, हिरवट चट्टे राहतात. पानावर पाण्याचे थेंब पडून फिकट ठिपके उमटतात. शिरा जाड असल्या तर त्या उठून दिसतात. आणि एक डाग फार नामांकित आहे, त्याला तिकडे 'बेडकाचा डोळा' म्हणतात. मध्ये फिकट, कडेला गडद, असा लहानसा गोल ठिपका. तो सर्कोस्पोरा नावाच्या बुरशीमुळे उभ्या पिकाच्या पानावर पडतो.

हं, म्हणजे बुरशीच झाली की, असं तुम्ही म्हणाल. झाली खरी. पण ती शेतात आली आणि पानाचा तेवढा तुकडा मारून गेली. पुढे पान वाळलं, मग पानांच्या थप्प्या रचून त्या आतून तापू दिल्या, मुरवल्या, आणि त्यानंतर पान वळायला घेतलं. पेटीपर्यंत येतो तो केवळ व्रण. देवीचे वण असलेला माणूस आपण म्हातारपणापर्यंत पाहिलेला असतो. त्याला देवी झाल्या होत्या, आता नाहीत. त्याच्या शेजारी बसायला भीती नाही.

आणि जाता जाता आणखी एक. ते थप्प्यांमध्ये मुरणं हेही सूक्ष्म जिवांच्याच मदतीने होतं. तेव्हा 'जंतू म्हटला की वाईट' असा सोपा नियम इथे चालत नाही. दह्याच्या देशात तो तसाही चालू नये.

आता गंमत बघा. सुमात्रा बेटाच्या ईशान्येला देली नावाचा प्रदेश आहे. १८६३ मध्ये याकोबस निएनहाउस हा डच माणूस तिथे उतरला, १८६९ मध्ये देली कंपनी उभी राहिली, आणि थोड्याच वर्षांत तिथलं पातळ पान युरोप-अमेरिकेतल्या चिरुटांचा चेहरा बनलं. या सुमात्रा पानाच्या काही भागातल्या मालावर असे ठिपके फार असत. पान उत्तम, आणि त्यावर ठिपके. गिऱ्हाइकाने दोन्ही एकत्र पाहिलं आणि उलटा हिशेब मांडला, की ठिपके आहेत त्याअर्थी पान उत्तम! डागाचीच खूण झाली, आणि खुणेला भाव आला.

भाव आला की नक्कल येतेच. १९०७ मध्ये न्यूयॉर्कला छापलेला हेन्लीचा पाककृतींचा आणि कारागिरीच्या नुस्ख्यांचा एक जाडजूड संग्रह आहे. त्यात शाईपासून साबणापर्यंत सगळं सापडतं. त्यात चिरुटावर ठिपके कसे पाडावेत, याचीही कृती दिली आहे. धुण्याचा सोडा, ब्लीचिंग पावडर आणि गरम पाणी. ते पानावर शिंपडायचं, की झाला सुमात्राचा माल. खरे ठिपके बुरशीने पडतात, हेही तिथेच लिहिलं आहे, आणि कृत्रिम ठिपक्यांसाठी पेटंटं घेतली गेल्याचंही. विचार करा, रोगाच्या व्रणाची नक्कल करण्यासाठी पेटंट!

त्याच काळात दुसरीकडे नेमकं उलट चाललं होतं. सुमात्राच्या पानाला तोंड द्यायचं म्हणून १८९० मध्ये अमेरिकेने मॅकिन्ली कायद्याने वरच्या पानाच्या आयातीवर पौंडामागे दोन डॉलर जकात बसवली. १९०० मध्ये कनेटिकट राज्यातल्या विंडसर गावी शेतांवर कापडाचे मांडव घालून, सुमात्राचंच बी लावून, सावलीत पान वाढवायला सुरुवात झाली. हेतू हा, की पान पातळ आणि निष्कलंक यावं. म्हणजे एकीकडे डाग पडू नये म्हणून शेताला मांडव घालतात, आणि दुसरीकडे डाग पडावा म्हणून सोडा शिंपडतात. डाग पानावर असतो खरा. त्याचा अर्थ मात्र बाजारात ठरतो.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण देलीचा उल्लेख करून नुसतं पुढे जाणं बरं नाही.

देलीच्या वखारींत पानं एकेक करून हाताळली जात. रंग, लांबी, डाग, फाटकेपणा पाहून त्यांच्या वेगळ्या गड्ड्या बांधल्या जात. ही पारख करणारे हात आधी मुख्यतः चिनी मजुरांचे होते, पुढे जावामधून आणलेल्या मजुरांचेही. १८८० च्या कुली कायद्याने करार मोडून पळणाऱ्या मजुराला थेट शिक्षेची तरतूद केली होती. १९०२ मध्ये मेदान इथला वकील व्हान डेन ब्रांड याने एक पुस्तिका छापून मळ्यांवरची मारहाण आणि छळ उघड केला. गदारोळ झाला, म्हणून सरकारने रेमरेव्ह नावाच्या सरकारी वकिलाकडे चौकशी दिली. त्याने जे पाहिलं ते लिहून दिलं. आणि तो अहवाल सरकारने कपाटात ठेवला. तो जगापुढे आला १९८७ मध्ये, यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने छापला तेव्हा. हेच ते ब्रेमन, ज्यांनी आपल्या शेजारच्या दक्षिण गुजरातेतल्या हाळी मजुरांवर आयुष्यभर काम केलं.

पानावरचा मोहरीएवढा डाग ज्यांना दिसत होता, त्यांना माणसाच्या पाठीवरचे वळ दिसत नव्हते. नजर तीच होती. ती कुठे लावायची हे मालकाने ठरवलं होतं. मी हे भावनेपोटी म्हणत नाही. पारख करण्याची क्षमता आणि पारख करण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच नोंदवतो. हे वाक्य लक्षात असू द्या, शेवटी ते माझ्यावरच उलटणार आहे.

आता शेत सोडून पेटीकडे येऊ.

चिरूट ठेवायची चांगली पेटी आतून 'स्पॅनिश सीडर'ची असते. हे लाकूड देवदाराच्या जातीचं नाही. ते कडुनिंबाच्या कुळातलं आहे. आपण धान्यात कडुनिंबाचा पाला घालतो ना, त्याची चुलत बहीण म्हणा. पेटीत आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्के आणि उष्णता १८ ते २१ अंश ठेवतात. यापेक्षा कोरडं झालं तर पान तडकतं. आर्द्रता सत्तरच्या बरीच वर गेली की बुरशी धरते. उष्णता वाढली की तंबाखूतला बारीक भुंगेरा अंड्यांतून बाहेर येतो आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं पाडतो. आता आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टची हवा आठवा. ऐंशी टक्क्यांच्या वर आर्द्रता हा इथे अपवाद नाही, तो पावसाळाच आहे.

अशा पेटीत एक दिवस चिरुटावर पांढुरकं काही दिसतं. ओढणाऱ्यांच्या जगात यावर एक जुनी समजूत आहे. चांगल्या चिरुटातली तेलं वर्षानुवर्षं मुरून पृष्ठभागावर येतात, त्यांचे बारीक स्फटिक होतात, आणि ते उत्तम जपणुकीचं लक्षण असतं. इंग्रजीत त्याला 'ब्लूम' किंवा 'प्लूम' म्हणतात, आपण लव म्हणू. नाशिकच्या बाजूचे लोक द्राक्षांवरून हे लगेच समजतील. द्राक्षाच्या सालीवर पांढरट मेणासारखी लव असते. ती द्राक्षाची स्वतःची, निरुपद्रवी. आणि त्याच घडावर भुरी रोग पडला तर तीही पांढरीच. शहरातलं गिऱ्हाईक दोन्हींना औषधाची फवारणी समजतं. बागायतदार मात्र लांबून फरक सांगतो.

चिरुटाची लव खरी असो वा नसो, तिच्या नावाखाली पांढरी, कोरडी, कोवळी बुरशी खपवणं फार सोपं असतं, आणि बहुतेक वेळा तेच घडतं. तेव्हा फरक ओळखायचा कसा? चार गोष्टी बघायच्या.

पहिली, ती बसली कशी आहे? डाग पानाच्या अंगात असतो. बोट फिरवलं तर काही लागत नाही. बुरशी पानावर उभी असते. भिंगातून पाहिलं तर धागे दिसतात, कापसासारखे. स्फटिक असतील तर कण दिसतील, उजेडात चमकतील.

दुसरी, ती पसरली कशी आहे? पृष्ठभागातून काही निघालं असेल तर ते सगळीकडे सारखं, धुळीसारखं असायला हवं. बुरशी ठिकठिकाणी पुंजक्यांनी येते. कागदी पट्ट्याखाली, दोन चिरूट एकमेकांना टेकतात तिथे, कापलेल्या टोकाशी.

तिसरी, रंग आणि वास. निळसर, हिरवट, करडं काही दिसलं तर वाद संपला. बंद खोलीचा, ओल्या पोत्याचा वास आला तरी संपला. पण पांढरं आहे आणि वास नाही, एवढ्यावरून ती बुरशी नव्हे असं सिद्ध होत नाही.

चौथी सगळ्यांत महत्त्वाची. पुसायचं, पेटी कोरडी करायची, तो चिरूट वेगळा ठेवायचा, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत बघायचं. पुन्हा आलं की ते जिवंत आहे. आणि टोकाच्या आतल्या पानांत शिरलं असेल तर वाट बघायचीच नाही, फेकून द्यायचं. पेटवल्यावर जळून जाईल, असं म्हणून ओढणं हा शुद्ध मूर्खपणा. बुरशीचे कण आणि तिची विषारी द्रव्यं फुप्फुसात जाण्याने काही भलं होत नाही.

नावांमुळे आणखी एक घोटाळा होतो. तंबाखूचा 'निळी बुरशी' नावाचा एक भयंकर रोग आहे. १९७९-८० मध्ये तो क्युबात असा पसरला, की तिथलं पीक जवळजवळ बुडालं. चिरुटांचे कारखाने पानांवाचून बसले. पण ही निळी बुरशी आणि पेटीतली निळसर बुरशी यांचा एकमेकींशी संबंध नाही. शेतातली ती पेरोनोस्पोरा. ती जिवंत पानावरच जगते, आणि शास्त्रज्ञ तिला खऱ्या बुरशीतसुद्धा धरत नाहीत. द्राक्षावरच्या केवडा रोगाची ती नातेवाईक. पेटीतली बुरशी मेलेल्या पानावर जगते, तशीच ती पावावर, चामड्यावर आणि कागदावरही जगते.

कागदावर. इथे मी माझ्या गोष्टीकडे परत येतो.

पण त्याआधी एक मिनिट माझं दुकान उघडतो, म्हाताऱ्या मास्तराला तेवढी मुभा द्या. आपल्या तर्कशास्त्राचं पहिलं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. पण दिङ्नागाच्या परंपरेतल्या ग्रंथांनी लगेच पुढची अडचण काढली, तो धूर नसून वाफ असेल तर? धुकं असेल तर? खुणेबद्दलच संशय असेल, तर त्या खुणेवरून काढलेला निष्कर्ष उभा राहत नाही. याला 'संदिग्धासिद्ध' म्हणतात. आणि नैयायिक आणखी एक दोष सांगतात, 'सव्यभिचार'. जी खूण साध्य असताना दिसते आणि नसतानाही दिसते, ती खूण निरुपयोगी. पांढरेपणा हा असाच सव्यभिचारी हेतू. लवही पांढरी, बुरशीही पांढरी. शेरलॉक होम्स १८८७ च्या पहिल्याच कथेत नुसत्या राखेवरून खुनी तिरुचिरापल्लीचा चिरूट ओढत होता असं ओळखतो. वाचताना आपण खूश होतो. पण राख ही संपलेल्या गोष्टीची खूण आहे. ती बदलत नाही, कितीही वेळ तपासा. डागही तसाच, तो भूतकाळ असतो. बुरशी हा चालू वर्तमानकाळ आहे. म्हणून डाग पाहून ओळखता येतो, बुरशी मात्र पुन्हा पाहिल्याशिवाय ओळखता येत नाही. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच.

आता माझी पेटी. तिसऱ्या की चौथ्या पावसाळ्यात त्या चिरुटांवर मला पांढुरकी झाक दिसली. त्या विषयातल्या एका हौशी ओळखीच्याला विचारलं. तो न बघताच म्हणाला, "अहो, ही तर लव. जुना माल आहे, भाग्यवान आहात." मला हे ऐकायचंच होतं. गुरुजींची वस्तू माझ्याकडे नुसती टिकली नाही, तर मुरली, पक्व झाली, असं वाटून मी सुखावलो. तीस वर्षं वर्गात हेत्वाभास शिकवणारा माणूस मी. भिंग टेबलावर होतं. मी ते उचललं नाही. पेटी बंद केली आणि कपाटही. पुढे बरीच वर्षं वरचा खण मी उघडायचो ते पेटी पाहायला, आणि खालचा खण उघडायचं काम पडायचं नाही. सवड झाली की टिपणं छापायची असं ठरवलं होतं. सवड निवृत्तीनंतर झाली.

चारांपैकी दोन बाडं गेली होती. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली, कडेने करडी-हिरवी लव, आणि ही कसली लव आहे हे आता कुणाला विचारायची गरज नव्हती. चिरुटांवरची बुरशी कागदावर उतरली असेलच असं मी म्हणत नाही. कपाटामागची भिंत ओली होती. दमटपणा दोघांना सारखाच होता. पण चिरुटांनी मला आधी सांगितलं होतं, कित्येक वर्षं आधी. ती पांढरी झाक म्हणजे भिंतीकडून आलेला निरोप होता. मी तो कौतुक म्हणून वाचला.

उरलेली दोन बाडं आता अभिलेखागारात नीट, कोरड्या हवेत आहेत. गेलेल्या दोहोंमध्ये त्यांची अनुमानावरची टिपणं होती. हा योगायोग माझ्या पदरी का पडला, ते मी विचारत बसत नाही.

तेव्हा मंडळी, घरी गेल्यावर चिरूट तुमच्याकडे नसतीलच, आणि नसावेत. पण एखादं कपाट असेल, भिंतीला लागून. आजोबांच्या वह्या असतील, दस्त असतील, फोटो असतील. एक दिवस काढून बघा. पिवळे डाग दिसले तर राहू द्या, ते जुनेपण आहे. पांढुरकं काही दिसलं तर पुसा, वाळवा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. आणि कुणी न बघता "ही तर लव आहे" असं म्हणालं, आणि ते ऐकून तुम्हाला फार बरं वाटलं, तर त्याच क्षणी भिंग उचला.